उबुंटू बदललं आणि तीन ओळी हरवल्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते. बिलं, सुताचा साठा, कामगारांची हजेरी, सगळं ८ जीबी रॅमच्या एका सर्व्हरवर आहे आणि तोही मीच सांभाळते. त्यावर उबुंटू २०.०४ ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम होती. मे २०२५ मध्ये त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून सुट्टीच्या दिवशी बॅकअप घेऊन २२.०४ वर गेले.

अपग्रेड चालू असताना मधेच प्रश्न येतो: ही सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी घालू? नवी म्हणजे चांगली असं वाटून मी प्रत्येक वेळी 'वाय' दाबला. चूक तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो दारात उभा होता. पॅकिंगमधले काका आत आले, "ताई, बिल निघंना की." डेटाबेस बंद पडला होता. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: मेमरी संपली, पोस्टग्रेसची (आमच्या डेटाबेसची) प्रोसेस मारली. डेटाबेस पुन्हा चालू करून आधी टेम्पो रवाना केला, मग शोधायला बसले.

सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलीत मी पूर्वी दोन ओळी घातल्या होत्या: स्वॅपिनेस १० (रॅममधला मजकूर डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत किती उत्साहाने हलवायचा) आणि ओव्हरकमिट मेमरी २ (प्रोसेसना किती मेमरी कबूल करायची). आता त्या ओळी गेल्या होत्या आणि मूळचे ६० आणि ० लागू झाले होते. ० असताना कर्नल प्रोसेसना हातात असेल त्याहून जास्त मेमरी कबूल करतो आणि खरंच संपली की कुणाचा तरी बळी देतो. २ केलं की मर्यादा पक्की होते: स्वॅप अधिक निम्मी रॅम. डेटाबेसच्या मशीनला हेच बरं, कारण मग फार तर एखादी क्वेरी फसते, सगळा डेटाबेस कोसळत नाही. जुनी फाइल मात्र पुसली गेली नव्हती. शेजारीच नावाला 'डीपीकेजी-ओल्ड' असं शेपूट लावून ठेवलेली सापडली तेव्हा जीव भांड्यात पडला.

दोन्ही ओळी परत घातल्या, तर महिन्याचा लेजर काढताना 'मेमरी मिळत नाही' अशी एरर. माझी स्वॅप फाइल २ जीबीची, म्हणजे मर्यादा २ अधिक ४, एकूण ६ जीबी. जुन्या सिस्टीमवर एवढ्यात भागायचं, नव्यावर भागेना. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर स्वॅप बंद केला, त्याच नावाने ६ जीबीची फाइल बनवली, परवानगी ६०० केली (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), मेकस्वॅप ही कमांड चालवून ती स्वॅपसाठी तयार केली आणि स्वॅप पुन्हा चालू केला. नाव तेच ठेवल्यामुळे एफएसटॅबला, म्हणजे सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलीला, हात लावावा लागला नाही. मर्यादा १० जीबी झाली आणि लेजर पूर्ण निघाला.

तिसरी हरवलेली ओळ जर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगची, दुसऱ्या फाइलीतली. तिथली ५०० एमबीची मर्यादाही गेली होती, ती परत लिहिली. नाहीतर तो डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी, वाढत राहतो.

आता सिसकंट्रोलच्या माझ्या ओळी मूळ फाइलीत नाहीत. सिसकंट्रोल-डी फोल्डरमध्ये ९९ आकड्याने सुरू होणारी वेगळी फाइल केली आहे. ती माझी स्वतःची असल्यामुळे अपग्रेड तिला हात लावत नाही, आणि आकड्यामुळे ती बहुतेक फाइलींच्या नंतर वाचली जाते. प्रत्येक ओळीच्या वर ती का घातली आणि कोणत्या तारखेला, हेही मराठीत लिहून ठेवलंय. निघण्याआधी मशीन रीस्टार्ट करून दोन्ही आकडे आणि स्वॅप पुन्हा तपासले: १०, २ आणि ६ जीबी.