कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे ते आधी बघ

माझी मावसबहीण यंदा मीडिया स्टडीजची परीक्षा देतेय आणि गेले दोन आठवडे टीव्ही ड्रामाच्या प्रश्नाची सरावाची उत्तरं मला पाठवतेय. प्रश्नाचा साचा असा की आधी न पाहिलेली चार-पाच मिनिटांची क्लिप तीन-चार वेळा दाखवतात आणि तिच्यात एखाद्या गटाचं रिप्रेझेंटेशन, म्हणजे तो गट पडद्यावर कसा रंगवलाय, कसं घडवलंय ते लिहायचं, मग ते वय असेल, लिंग, वर्ग, वंश, अपंगत्व, काहीही. आधार चार गोष्टींचा घ्यायचा, कॅमेरा, एडिटिंग, साउंड आणि मीझ-ऑन-सेन म्हणजे फ्रेममध्ये जे जे मांडलंय ते सगळं, सेट, कपडे, लाइट, हातातल्या वस्तू.

तिच्या पहिल्या उत्तरात हे सगळं होतं. लो अँगल, म्हणजे कॅमेरा खालून वर बघतो, म्हणून पात्र पॉवरफुल, हाय अँगल, म्हणजे वरून खाली बघतो, म्हणून दुबळं, क्लोजअप म्हणून भावना. मीही असंच लिहायचे आणि मला कळायचंच नाही की टेक्निकची नावं बरोबर असूनही मार्क का कापले जातायत. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे समजायला मला बरेच महिने लागले, तिला तेवढे लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

आम्ही दोघींनी मिळून एक सीन बघितला तोच सांगते. हॉस्पिटलची खोली, व्हीलचेअरवर सोळा-सतरा वर्षांची मुलगी, बाजूला तिची आई, समोर डॉक्टर. डॉक्टर विचारतो, "हिला रात्री झोप लागते का?" आणि आई उत्तर देते. पहिल्यांदा बघताना आम्हाला वाटलं की साधा सीन आहे, मुलगी अपंग आहे, बिचारी आहे, झालं. दुसऱ्यांदा बघताना मी तिला म्हटलं, बाकी सगळं सोड, फक्त कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे तेवढंच बघ. तर पूर्ण पहिलं मिनिट कॅमेरा उभ्या माणसांच्या उंचीवर, आईच्या खांद्यावरून डॉक्टर आणि डॉक्टरच्या खांद्यावरून आई असं शॉट-रिव्हर्स शॉट चालू, आणि मुलीचं डोकं फ्रेमच्या तळाशी, तेही आउट ऑफ फोकस. आम्ही कट मोजले. त्या मिनिटात अकरा शॉट, त्यातल्या तीनच शॉटमध्ये मुलगी, आणि तिचा स्वतःचा रिअ‍ॅक्शन शॉट एकही नाही. म्हणजे ज्या शरीराबद्दल बोलणं चाललंय त्याच्या मालकिणीला काय वाटतंय ते दाखवायला एडिटिंगने एक सेकंदसुद्धा ठेवलेला नाही!

मग ती मुलगी म्हणते, "मला विचारा ना." आणि इथे कॅमेरा खाली येतो, तिच्या उंचीवर. आता उभ्या दोघांची डोकी फ्रेमबाहेर, नुसता पांढरा कोट आणि पेनाशी चाळा करणारी बोटं दिसतात, इतका वेळ मागे चाललेला मॉनिटरचा बीप-बीप जवळजवळ विरून जातो आणि तिचा आवाज जवळून ऐकू येतो. संवाद तीनच शब्दांचा, पण आपण कुणाच्या बाजूने ही खोली बघतोय तेच बदललं.

हे बघितल्यावर मावसबहिणीने उत्तर पुन्हा लिहिलं. आधी वाक्य होतं, "हाय अँगलमुळे मुलगी दुबळी दिसते." आता असं आहे, "सुरुवातीला कॅमेरा उभ्या पात्रांच्या उंचीवर राहतो आणि मुलीला रिअ‍ॅक्शन शॉट मिळत नाही, त्यामुळे अपंग व्यक्तीबद्दल इतरांनीच बोलायचं ही नेहमीची धारणा सीन आधी उभी करतो, पण ती बोलल्यावर कॅमेरा तिच्या पातळीवर येतो आणि तीच धारणा मोडतो." टेक्निक तेच, पण आता त्याने काय केलं ते वाक्यात आलंय, आणि रिप्रेझेंटेशन सीनच्या मध्यावर बदलतं हेही आलंय. हे बदलणं बहुतेक मुलं सोडून देतात, क्लिपला एकच लेबल लावून मोकळी होतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं कारण चांगला ड्रामा तिथेच तर असतो.

एडिटिंगला मुलं का घाबरतात मला माहितीये, कट दिसत नाहीत, ते दिसू नयेत असेच केलेले असतात. म्हणून मी तिला कुलेशॉव्हचा प्रयोग सांगितला. शंभरेक वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, आणि बघणाऱ्यांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख. चेहऱ्यात काहीच बदललं नव्हतं, अर्थ जोडणीतून आला. तेव्हा कट कुठून कुठे गेला आणि कुणावर किती थांबला हे लिहिलं की एडिटिंगचा पॅरेग्राफ तयार.

थिअरीचं म्हणाल तर ती बेतानेच घालावी. लॉरा मल्व्ही या सिनेमाच्या अभ्यासक बाईंनी 1975 साली पुरुषी नजरेबद्दल, म्हणजे कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो त्याबद्दल, लिहिलं ते हॉलिवूडच्या सिनेमाबद्दल, त्यामुळे क्लिपमध्ये बाई दिसली की मल्व्ही चिकटवायची असं करू नये, कॅमेरा खरंच तिच्या शरीरावर तसा फिरतोय का ते आधी बघायचं. स्टुअर्ट हॉल हा माध्यमांचा अभ्यासक मात्र मला मनापासून आवडतो. 1973 मध्ये त्याने टीव्हीबद्दलच मांडलं की बनवणारे एक अर्थ भरतात पण बघणारे तो जसाच्या तसा घेतील, थोडा वाकवून घेतील किंवा साफ नाकारतील. आमच्याच सीनचं बघा ना, कुणी म्हणेल मुलीला आवाज मिळाला, आणि स्वतः व्हीलचेअर वापरणारी एखादी म्हणेल की तो मिळायला मिनिटभर गप्प का बसायला लावलं. दोन्ही वाचनं पुराव्यासकट लिहिता येतात.

काल तिला शेवटच्या वेळी क्लिप लावून डोळे मिटायला सांगितले, कारण साउंडच्या नोट्स तिच्या वहीत नेहमी दोनच ओळींच्या असतात. संपल्यावर ती म्हणाली, "ताई, मुलगी बोलायच्या आधी एकदा व्हीलचेअरच्या ब्रेकचा खट् आवाज येतो, कुणाचंच लक्ष जात नाही त्याच्याकडे." तो आवाज मी चार वेळा बघूनही ऐकला नव्हता.