सांध्यात उमटलेली रेघ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे मामा आत आले आणि खुर्चीत एकाच कुल्ल्यावर टेकले. मला तिथंच शंका आली. हातातल्या एमआरआयच्या फाइलमध्ये ‘गादी थोडी सरकलेली’. ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं, कमरेत दोन इंजेक्शनंही झाली होती, गुण शून्य.

“मामा, एका बोटानं दाखवा.”

बोट मणक्याकडे गेलंच नाही. कमरेखालच्या खळगीजवळ हाडाच्या टोकाखाली टेकलं. पाय दुमडून गुडघा बाहेर दाबला, तशी तिथंच कळ आली.

कणा जिथं खुब्याच्या रुंद हाडाला मिळतो, तो हा एसआय जॉइंट. आत जेमतेम दोन मिलिलिटर औषध मावतं आणि फट वाकडीतिकडी. 2000 साली छापून आलेल्या एका अभ्यासात हाताच्या अंदाजानं दिलेली इंजेक्शनं सीटी स्कॅनवर तपासली, तेव्हा औषध सांध्यात पोचलं होतं फक्त 22 टक्के वेळा. हा आकडा मला पाठ आहे, पण त्याचा खरा अर्थ त्या दिवशी कळला.

मामांना पालथं झोपवलं. अंगावर शिशाचा एप्रन चढवला, सी-आर्म म्हणजे पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र लावलं, जागा बधिर करून सांध्याच्या खालच्या टोकाशी सुई घातली. बोटांना स्पष्ट जाणवलं, आत गेली. मी पैज लावली असती. एक्स-रेत दिसणारा थोडासा डाय सोडला, तर पडद्यावर नुसता ढग पसरला. सुई सांध्याबाहेरच्या अस्थिबंधात होती! पडदा नसता, तर सगळं स्टेरॉइड मी तिथंच रिकामं केलं असतं आणि मामांच्या फाइलीत तिसरं ‘गुण नाही’ लिहिलं गेलं असतं.

सुई मागे घेतली. सी-आर्म जरासा कलवला, सांध्याच्या पुढच्या-मागच्या दोन रेघा एकावर एक आल्या. सुई पुन्हा घातली, काही मिलिमीटरच पुढं. या वेळी डायची केसासारखी काळी रेघ फटीतून सरसर वर चढली.

“हां... हीच ती कळ!” मामा उशीत तोंड खुपसून म्हणाले.

मग भुलीचं औषध आणि स्टेरॉइड दिलं.

वीसेक मिनिटांनी मामा बाकड्यावर दोन्ही कुल्ले टेकून बसले होते. पडद्यावरची ती रेघ मी त्यांना दाखवली. बराच वेळ बघत राहिले.

“डॉक्टर, आधीच्या दोन्ही वेळंला असा फोटू न्हवता काढला.”