दार ओढू नका, ढकला

रविवारी दुपारी जरा ऊन पडलं म्हणून मी गाडी धुतली. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिची पार रया गेली होती, बघवत नव्हतं. चार बादल्या ओतल्या, वरवर पुसली आणि स्वतःवर खूश होऊन घरात आले. रात्री पारा उणे 11 वर उतरला. सकाळी किल्लीचं बटण दाबलं, दिवे लुकलुकले, कुलूप उघडल्याचा आवाजही आला. दार मात्र ढिम्म.

मग मी नको ते केलं. पाय रोवून दोन्ही हातांनी हँडल ओढलं. जुनी चादर फाटावी तसा फर्र आवाज झाला. दार उघडलं नाहीच, पण वरच्या कोपऱ्यातलं रबराचं बीडिंग बोटभर फाटलं. चारही दारांची तीच कथा. शेवटी डिकी उघडली. ऑफिसच्या कपड्यांत, पर्स दातात धरून, मागच्या सीटवरून रांगत मी पुढे पोचले. शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवायला निघाले होते. त्यांनी सभ्यपणे मान वळवली, कुत्र्याने नाही.

एवढ्यावर थांबावं ना! काच तरी खाली होते का बघू, म्हणून बटण दाबलं. दारात आधी कण्हल्यासारखा आवाज, मग 'कट्'. काच तशीच, मोटर मात्र मोकळी फिरायला लागली. दुपारी बर्फ सुटल्यावर काच आपणहून दारात उतरली, कारण तिला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. पुढचा आठवडाभर त्या खिडकीला पॅकिंगची चिकटपट्टी होती आणि गाडी वेगात गेली की ती पिपाणीसारखी वाजायची.

गॅरेजवाल्याने काही न बोलता दार लावलं आणि तळहाताने कडेकडेने दाबून दाखवलं. बीडिंग आणि पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा जेमतेम कागदाएवढा थर गोठलेला असतो. ओढलं की तो रबरालाच घेऊन येतो. उलट बाहेरून आत दाबलं की रबर दबतं आणि ठिसूळ बर्फाचा चुरा होतो. आता मी सकाळी आधी गाडीला कंबरेने दोन-चार धक्के देते, कडेने चापट्या मारते आणि मग हँडलला हात लावते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बाईचं गाडीशी भांडण झालंय.

हिवाळा लागायच्या आधी बीडिंग कोरडं पुसून त्यावर सिलिकॉनच्या वंगणाचा हात फिरवायचा, म्हणजे पाणी धरतच नाही. स्वयंपाकघरातलं किंवा मशीनचं तेल नको, काही रबरं तेलाने फुगतात. आणि गाडी धुतलीच तर दारं उघडून कडा पुसायच्या. हे शेवटचं मला रविवारी कोणी सांगितलं असतं तर!

एका मैत्रिणीच्या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकटच नाही. हँडल ओढलं की काच आधी काही मिलिमीटर खाली सरकते आणि मग दार सुटतं. काच गोठली की सरकत नाही आणि दार अडतं. दिसायला फार देखणी गाडी. मला नको.

पुढच्या काचेवर गरम पाणी ओतायचा मोह मलाही होतो. पण थंडगार काच एका जागी अचानक तापली की तडकते, आणि आधीच बारीक खडा लागलेला असेल तर बघायलाच नको. शिवाय ओतलेलं पाणी पुन्हा गोठतंच. मी दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी फवाऱ्याच्या बाटलीत ठेवते. शिंपडून मिनिटभर थांबलं की थर साबणासारखा सुटतो. व्हिनेगरवर माझा भरवसा नाही, ते स्वतःच उणे 2 च्या आसपास गोठतं. घाईत एकदा बर्फ खरवडायला बँकेचं कार्ड काढलं होतं, त्याचे दोन तुकडे झाले.

पारा शून्याच्या वर असतानाही काच पांढरी का होते, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. निरभ्र रात्री काच आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणून झाडाखाली किंवा छपराखाली लावलेली गाडी बरेचदा स्वच्छ सापडते आणि उघड्यावरची गोठते. काच आतून पांढरी झाली असेल तर दोष आपल्या बुटांचा, त्यांच्याबरोबर आलेला बर्फ मॅटवर वितळतो आणि रात्री काचेवर जाऊन बसतो. संध्याकाळी मॅट झटकून टाकलेल्या बऱ्या.

वायपर मात्र गाडी बंद करायच्या आधी बंद करा. सकाळी ते काचेला चिकटलेले असताना आपोआप सुरू झाले तर फ्यूज तरी जातो नाहीतर मोटर.

आणि कुलपातला बर्फ सोडवायची ती छोटी बाटली. दोन हिवाळे मी ती अगदी आठवणीने जवळ बाळगली, गाडीतल्या कप्प्यात. सध्या ती कोटाच्या खिशात असते, म्हणजे घालते त्या कोटाच्या असली तर.