दोन ईपीएबीएक्स जोडले, पण घोडं अडलं क्लॉकवर

जुन्या ईपीएबीएक्सचे (ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजचे) सगळे पोर्ट भरले होते. ती काढून मोठी घेण्यापेक्षा शेजारी दुसरी बसवायची आणि मध्ये ई-१ टाय लाइन, म्हणजे दोन्ही एक्स्चेंजना थेट जोडणारी डिजिटल लाइन, टाकायची असं ठरलं. कार्डं आली, केबल ओढली, दोन्हीकडे क्यूसिग (एक्स्चेंजनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा) निवडलं, एक टोक नेटवर्क आणि दुसरं युजर केलं. लिंक वर आली.

मग बोलताना मध्येच टक्-टक् ऐकू येऊ लागलं. फॅक्स अर्ध्यात तुटायचे. कधी पूर्ण लिंकच पडायची आणि चालू कॉल एकदम जायचे. जुन्या सिस्टिमचा माणूस म्हणायचा, ‘आमच्या बाजूने ओके आहे, नव्याला विचारा.’ नव्याचा माणूस म्हणायचा, ‘जुन्याला विचारा.’ केबल बदलली, कार्डही बदललं, पण फरक शून्य. दोघांना एका वेळी एका खोलीत आणणं हेच सगळ्यात कठीण काम ठरलं. त्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही, कारण बघायची होती ती एकच स्क्रीन: स्लिप काउंटर, म्हणजे दोन्हीकडचा वेळ न जुळल्याने झालेल्या चुका मोजणारा आकडा. तो दोन्हीकडे वाढत होता.

ई-१ वर सेकंदाला ८,००० फ्रेम (डेटाचे छोटे गठ्ठे) जातात. दोन्ही सिस्टिम आपापल्या घड्याळावर (क्लॉकवर) चालल्या की किंचित फरक राहतोच. तो साचतो आणि अधूनमधून एखादी फ्रेम गळते किंवा दोनदा जाते. कानाला ती नुसती टक् वाटते, फॅक्सला सोसत नाही. आमची दोन्ही कार्डं ‘इंटर्नल’वर, म्हणजे स्वतःच्याच क्लॉकवर होती. जुन्या सिस्टिमला बाहेरची पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन) होती, म्हणून तिने क्लॉक तिथून घ्यायचं आणि नव्या सिस्टिमने टाय लाइनवरून. सेटिंग बदललं आणि काउंटर जागच्या जागी थांबला. किती हायसं वाटलं!

वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: दोन्हीकडचे इंजिनिअर हजर असताना संयुक्त टेस्ट, त्यानंतरच बिल. सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका तपासायचं सेटिंग) दोन्हीकडे सारखं हवं. आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: एक्स्टेंशनच्या मालिका वेगळ्या ठेवा, एकच नंबर दोन्हीकडे नको.

ई-१ मध्ये ३२ स्लॉट (चॅनेल) असतात, पण ० नंबरचा सिंकला (दोन्हीकडचा ताळमेळ राखायला) आणि १६ नंबरचा सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचनांना) जातो, बोलायला ३० उरतात. एकमेकांना सतत फोन करणारे विभाग एकाच सिस्टिमवर ठेवा. नव्या सिस्टिमवरून बाहेर जाणारा प्रत्येक कॉल टाय लाइनचा एक चॅनेल आणि पीआरआयचाही एक अडवतो, हे हिशेबात धरूनच लाइन मागवा.