जुन्या टाटात कूलंट कुठलं? हिरवं, लाल की बोअरचं पाणी

जुन्या ट्रकमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषध, कुठलं टाकू असं गॅरेजमध्ये विचारून बघा, सगळे रंगच सांगतील. एक म्हणणार हिरवं टाक, दुसरा म्हणणार लाल भारी असतं, पाच वर्षं बघायलाच नको, आणि एखादा जुना ड्रायव्हर असतोच जो बिडी विझवत म्हणतो की कशाला पैसे घालवतो, आम्ही हयातभर बोअरचं पाणी टाकून गाड्या पळवल्या. पळवल्या हो, पण त्या गाड्यांचे वॉटर पंप किती वेळा बदलले ते कोणी सांगत नाही.

रंगावर जाऊच नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला काही नियम नाही. कॅन उलटा करून मागचं लेबल वाचायचं. आमची गाडी टाटा १६१३, ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन, रेडिएटर जुना तांबं-पितळेचा, झाळ (सोल्डर) मारलेला. अशा रेडिएटरला मी तरी साधं जुन्या पद्धतीचं हेवी ड्युटी कूलंटच टाकतो, कमी सिलिकेटवालं (सिलिकेट म्हणजे गंज रोखायला घातलेलं एक रसायन), दोन वर्षांनी बदलायचं. ते पाच वर्षं चालणारं ऑरगॅनिक ॲसिडवालं वाईट नाही, नवीन ॲल्युमिनियम रेडिएटरच्या गाड्यांना बरोबर आहे, पण त्यातली काही झाळीला आणि जुन्या गॅस्केटला मानवत नाहीत, मग तीन वर्षं जास्त मिळवायला ती रिस्क कशाला. आणि कारचं कूलंट ट्रकमध्ये ओतू नका, त्यात बऱ्याचदा सिलिकेट जास्त असतं, ते नंतर जेलीसारखं होऊन रेडिएटरच्या नळ्यांत बसतं.

आता लायनरचं, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीचं. वेट लायनरवालं, म्हणजे त्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं असं, इंजिन असेल तर विषय एकदम सीरियस आहे. पिस्टन आपटतो तसा लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते लायनरच्या अंगावरच फुटतात, असं हजारो तास चाललं की लायनरला पाण्याच्या बाजूने टाचणीएवढी भोकं पडतात आणि एक दिवस ऑइलमध्ये पाणी. म्हणून बऱ्याच हेवी ड्युटी कूलंटमध्ये नायट्राइट असतं, ते लोखंडावर पातळ थर धरतं, भोक पडलंच तर त्या थराला पडतं आणि तो परत तयार होतो. ते संपत आलंय का हे बघायच्या पट्ट्या मिळतात. ५.९ मध्ये मात्र कंपनीचा लायनरच नसतो, सिलिंडर डायरेक्ट ब्लॉकमध्येच बोअर केलेला, त्यामुळे आमची ही भीती बरीच कमी. पण गंज, खार आणि पंपाचं सील, हे काय सुटत नाही.

"आपल्याकडे कुठे पाणी गोठतं" हे तर सगळेच म्हणतात. बरोबर आहे, सिन्नरला नाही गोठत, पण थंडीत कांदा घेऊन जम्मूच्या वर गेलात की मग कळेल, नुसतं पाणी असेल तर ब्लॉक तडकतो. आणि इथल्या इथे चालवायची तरी मे महिन्यात भरलेली गाडी मुंबईकडून कसारा घाट चढवा, स्पीड नाही, वारा नाही, सगळी मदार फॅनवर. अर्धं कूलंट अर्धं पाणी असलं की उकळी १०७ अंशांच्या आसपास जाते आणि रेडिएटरचं १५ पीएसआयचं (म्हणजे तेवढा दाब धरून ठेवणारं) झाकण चांगलं असेल तर १२९ पर्यंत. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर कितीही महागाचं कूलंट टाका, काही उपयोग नाही. आणि कूलंट जास्त टाकलं तर जास्त गार, असंही नाही, उष्णता ओढायला पाणीच भारी, म्हणून निम्मं-निम्मं.

ते निम्मं पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड ते घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, स्वस्तच असतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते. गाडी जरा तापली की मिस्त्री पहिलं काय करतो तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकतो. अरे बाबा, तो ८३ अंशांच्या आसपास उघडायला लागतो ते इंजिन नीट गरम राहावं म्हणूनच ना, तो काढला की इंजिन थंडच पळतं, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये काजळी वाढते, आणि चोंदलेला रेडिएटर तसाच चोंदलेला राहतो. रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या ना त्यापेक्षा.

बदलताना रेडिएटरच्या खालच्या कॉकबरोबर ब्लॉकचा पण प्लग खोला, नाहीतर बरंच जुनं पाणी आतच राहतं. चहासारखं तांबडं पाणी येत असेल तर साध्या पाण्याने फ्लश मारत राहायचं, स्वच्छ येईपर्यंत, शेवटचा फ्लश डिस्टिल्डचा. मग हळूहळू भरायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवायचं, वरचा होज दाबत राहायचं म्हणजे हवा निघते आणि पातळी खाली जाते, परत भरायचं. जुनं काढलेलं घमेल्यात घ्या, गॅरेजच्या अंगणात सोडू नका, ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. नवीन मिक्स केलेलं चार-पाच लिटर उरतं, ते कॅनमध्ये भरून केबिनमध्ये ठेवायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं की पाणी कमी झालं तर हेच टाक, ढाब्याच्या नळाला हात लावू नको.