एवढी हाडं पाठ कशी केलीत?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतेही, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. पेशंट पाय लांब करून पडलेले असतात, मी त्यांचा घोटा फिरवत असते आणि मध्येच विचारतात, "मॅडम, ती दोनशे सहा हाडं तुम्ही पाठ कशी केलीत हो?" नवी बॅच आली की तोच प्रश्न वर्गात, फक्त आवाज जरा रडवेला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पाठ केलीच नाहीत. ज्यांनी केली त्यांची दिवाळीपर्यंत विसरलेली असतात.

मुळात २०६ हा आकडा ऐकायला दांडगा वाटतो, पण त्यातली १०६ हाडं दोन हात आणि दोन पावलांतच संपतात. मनगट धरून एका हातात २७, एका पावलात २६. बाकीच्यांतही बरीचशी डावी-उजवी जोडी, म्हणजे शिकायचं एकदाच. शिवाय आकडा तसा पक्काही नाही. तान्ह्या बाळाच्या अंगात याहून पुष्कळ जास्त तुकडे असतात, ते वाढत्या वयात एकमेकांत जुळत जातात. माकडहाडात कुणाचे तीन मणके, कुणाचे चार, कुणाचे पाच. सुश्रुतानं ३०० हाडं मोजली, चरकानं ३६०. त्यांना मोजता येत नव्हतं असं नाही, त्यांनी दातही हाडांतच धरले होते. तेव्हा आकडा एका मार्काच्या प्रश्नापुरता ठेवा.

खरं शिक्षण कुठे सुरू होतं, तर व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या टेबलावर. समोर एक हाड पडलेलं असतं. नाव तर सांगावं लागतंच, पण खरी परीक्षा त्याच्या पुढच्या प्रश्नात असते: "साइड?" डावं की उजवं? इथे पाठांतर कामाला येत नाही, कारण त्यासाठी ते हाड अंगात जसं बसतं तसं हातात धरावं लागतं.

मी मुलांना पहिल्या दिवशी कॉलरबोन देते. एक टोक चपटं लागतं, दुसरं जाड आणि चौकोनी. चपटं खांद्याकडे, जाड छातीच्या मधल्या हाडाकडे. अंगावर एक लांबट खाच लागते, ती बाजू खाली. आता वळण बघायचं: आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा तिसरा हिस्सा मागे गेलेला. या तिन्ही गोष्टी एकदम जुळवल्या की हाड एकाच खांद्यावर बसतं, दुसऱ्यावर बसतच नाही. मग मी विचारते, मोडेल कुठे? दोन वळणं जिथे मिळतात त्या जागेवर मुलं आपोआप बोट ठेवतात. बाइकवरून खांद्यावर पडलेल्या पोराचा एक्स-रे बघा, बहुतेक वेळा तिथेच मोडलेली असते. पोटात असताना हाड बनायला सुरुवात होते ती सगळ्यांत आधी या कॉलरबोनपासून, आणि तिचं छातीकडचं टोक पुरतं जुळायला विशी उलटून जाते. पण ते नंतर. आधी हातात.

गुडघ्याची वाटी तर स्वतःच उत्तर देते. मागची गुळगुळीत बाजू टेबलावर, टोक आपल्यापासून लांब, आणि सोडून द्या. ज्या बाजूची असेल त्या बाजूला कलते, कारण मागचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा मोठा असतो. याउलट फिब्युला, म्हणजे पोटरीचं बाहेरचं बारीक हाड. पीळ घातल्यासारखं, चारी बाजूंनी सारखंच वाटणारं. फिब्युला उचलायला लागली की हुशार मुलंही देवाचं नाव घेतात. तिथे वरच्या भानगडीत पडूच नये. खालच्या टोकाला मागे एक खळगा असतो, तो शोधायचा आणि सुटायचं.

आमच्या वेळी बोन-सेट सीनियरांकडून उतरत यायचा. खरी हाडं, वर लाल-निळ्या रंगाच्या खुणा. स्नायू जिथून निघतो तिथे लाल, जिथे जाऊन लागतो तिथे निळा. आमच्या आजीनं ती पिशवी माळ्याच्या खाली राहू दिली नाही, अभ्यासाला मी वर चढायची. १९८५ साली सरकारनं बंदी घालेपर्यंत आपल्याकडून, मुख्यतः कलकत्त्याहून, मानवी सांगाडे परदेशी कॉलेजांना जायचे. ती कुणाची हाडं होती आणि त्यांना कुणी विचारलं होतं का, हे विचारलं की अजूनही बरं वाटत नाही. म्हणून आता प्लास्टिकचे सेट आले याची मला तक्रार नाही. फक्त त्यांच्या धारा बोथट असतात, बारीक छिद्रं बुजलेली असतात. मोबाईलवरच्या थ्रीडी चित्रात हाड सगळीकडून फिरवता येतं, पण अंगठ्याला खाच लागत नाही. सुश्रुतानं तर प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलंय. मग कुंचीनं हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. नुसतं शास्त्र ऐकून भागत नाही, हे त्याला तेव्हा ठाऊक होतं.

नुसतं हाड ओळखूनही अर्धंच काम होतं. हाडाचं टोक तसंच का, हे शेजारचं हाड लावल्याशिवाय कळत नाही.

आत्ता करून बघा. कोपर वाकवून डावा हात उभा धरा, तळवा स्वतःकडे. उजव्या हातानं कोपराचं टोक चाचपा आणि करंगळीच्या बाजूनं मनगटाकडे सरकत जा. कातडीखाली एक सरळ धार लागेल, ती मनगटापर्यंत तुटत नाही. ही अल्ना. आता बोटं तिथेच ठेवून तळवा पलीकडे फिरवा. धार जवळजवळ जागची हलत नाही, अंगठ्याकडचं रेडियस तिला ओलांडून जातं. कुलूप उघडताना हेच होतं. रेडियसचं वरचं टोक गोल का आणि त्याच्याभोवती अस्थिबंधाचं कडं का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. लहान पोराला एका हातानं हिसका देऊन उचललं की ते टोक या कड्यातूनच सटकतं आणि पोर हात लटकता ठेवून रडत बसतं.

खांदा आणि खुबा दोन्ही एकाच जातीचे सांधे म्हणून पुस्तकात शेजारी छापतात. पण खांद्याची खोबण इतकी उथळ की बशीवर लिंबू ठेवावं तसा प्रकार, खुब्याची खोल. म्हणून खांदा चहूकडे फिरतो आणि तोच जास्त निखळतो.

माझा लाडका सांधा मात्र गुडघा. खुर्चीच्या कडेवर बसा, वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्यावर बोट ठेवा आणि पाय हळूहळू सरळ करा. अगदी शेवटी तो उंचवटा किंचित बाहेरच्या बाजूला वळतो. तिथे गुडघ्याला कुलूप लागतं, आणि म्हणून फारसे स्नायू न वापरता आपण रांगेत तासभर उभे राहू शकतो. कुलूप काढायला मागे पॉप्लिटियस नावाचा छोटासा स्नायू आहे. शाळेत प्रार्थनेला उभं असताना मागचा कारटा गुडघ्याच्या लवणीत टपली मारायचा आणि आपण कोसळायचो, ते हेच कुलूप फोडणं. आणि हो, गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे 'वाटी बदलली' असं सगळेच म्हणतात, पण बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं. वाटी बहुधा आपलीच राहते, फार तर तिची मागची बाजू नवी करतात.

राहिली मनगटाची आठ हाडं. त्यांच्यासाठी मुलं आद्याक्षरांच्या ओळी रचतात, त्यातल्या बऱ्याच इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्या ओळीनं क्रम येतो, हाड सापडत नाही. अंगठा ताणून वर उचला. त्याच्या बुडाशी दोन ताणलेल्या कंडरांमध्ये (स्नायूंच्या दोऱ्यांमध्ये) खळगा पडतो, त्याच्या तळाशी स्कॅफॉइड आहे. हात टेकून पडलेल्या माणसाचं हे हाड मोडतं, आणि पहिल्या एक्स-रेत भेग कधीकधी दिसतच नाही. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं, त्यामुळे मध्ये मोडलं तर कोपराकडचा तुकडा उपाशी मरू शकतो. असा कुणी 'नुसतं मुरगळलंय, शेकून द्या' म्हणत आला तर मी आधी त्या खळग्यात दाबून बघते. दुखलं, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी व्यायाम देत नाही. मनगट बांधून परत हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवते.