नवी संहिता आणि उत्तराची तारीख

गेली काही वर्षे मी एका नाट्यसंस्थेसाठी बाहेरून आलेल्या संहिता वाचते. त्याआधी मी स्वतः संहिता पाठवून वाट पाहणाऱ्यांपैकी एक होते. ज्या संस्थेकडे मी माझे पहिले नाटक पाठवले, तिने नवे लेखन हवे असल्याचे जाहीर केले होते. परंतु चौदा महिन्यांत तिच्याकडून ना होकार आला, ना नकार, ना संहिता मिळाल्याची साधी पोच. तेवढ्या काळात मी ते नाटक अन्य कोणाला दाखवले नाही आणि नवेही काही लिहिले नाही. त्यामुळे आजही कोणत्याही संस्थेचे असे आवाहन वाचताना माझी नजर सर्वप्रथम उत्तराची तारीख शोधते.

ही तारीख द्यायची तर संस्थेला आधी स्वतःचा हिशेब मांडावा लागतो. दोन अंकी नाटक नीट वाचून त्यावर अर्ध्या पानाचे टिपण लिहायला मला साधारण तीन तास लागतात. शंभर संहिता आल्या आणि प्रत्येक संहिता दोघांनी वाचायची म्हटली, तर हे काम सहाशे तासांचे होते. वाचणारे दोघेच असतील, तर वर्षभर दार उघडे ठेवण्याचा मोह टाळून वर्षातून एकच महिना संहिता स्वीकाराव्यात आणि त्या सगळ्यांना ठरल्या दिवशी उत्तर द्यावे, असे माझे मत आहे. पहिल्या फेरीत लेखकाचे नाव झाकलेले असावे. ओळखीच्या नावाला मिळणारी सवलत आपण नकळत देत असतो, हे मी माझ्याच टिपणांत पाहिले आहे.

पुढे लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये स्थिरावलेल्या इंग्लिश स्टेज कंपनीने 1955 मध्ये जाहिरात देऊन नवी नाटके मागवली, तेव्हा शेकडो संहिता आल्या. त्यांतून निवडलेल्या जॉन ऑस्बर्न या जवळजवळ अनोळखी नटाचे नाटक 8 मे 1956 रोजी रंगभूमीवर आले. ऑस्बर्न तेव्हा टेम्स नदीतल्या एका बोटीवर राहत होता आणि कंपनीचे कलात्मक संचालक जॉर्ज डेव्हिन त्याला भेटायला स्वतः नाव वल्हवत गेले होते, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. संहिता आवडली तर संस्थेने उठून लेखकाकडे जावे.

मात्र प्रत्येक नवे काम संहितेच्या रूपातच येते असे नाही. तालमीतून नाटक उभे करणारे गट असतात. नेपथ्य, संगीत किंवा हालचाल यांपासून सुरुवात करणारे कलावंत असतात. त्यांच्याकडे ऐंशी पानांचा मजकूर मागणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणे होय. त्यांना तालमीची खोली एका दुपारपुरती द्यावी आणि वीस मिनिटांचे काम पाहावे.

संहिता निवडल्यानंतर आणि प्रयोग ठरण्यापूर्वी जो काळ असतो, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत 1964 मध्ये स्थापन झालेल्या यूजीन ओनील थिएटर सेंटरच्या नाटककार परिषदेत नट हातात संहिता घेऊन, जुजबी नेपथ्यावर नाटक सादर करतात आणि लेखक तालमींच्या दरम्यान पुन्हा लिहीत राहतो. अशा अभिवाचनात लेखकाला आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. कागदावर धारदार वाटलेला संवाद नटाच्या श्वासात मावत नाही, हे कोणी न सांगता त्याला कळते. नंतरच्या चर्चेत मात्र पहिला प्रश्न लेखकाने विचारावा. तो विचारण्याआधीच जमलेली मंडळी उपाय सुचवू लागली, तर प्रत्येक जण स्वतःच्या मनातले नाटक लिहू लागतो आणि समोरचे नाटक हरवते. अभिवाचनालाच पूर्णविराम मानण्याची सवयही घातक आहे: एकाच नाटकाची पाच अभिवाचने होतात आणि प्रयोग एकही होत नाही. म्हणून अभिवाचनानंतर किती दिवसांत निर्णय होईल, हे लेखी ठरलेले असावे.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. संहिता वाचण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेऊ नये, अभिवाचनाचेही मानधन द्यावे आणि करार होईपर्यंत सर्व हक्क लेखकाकडेच राहतील, असे आवाहनातच लिहावे.

राहिला नकार. बहुतेक संहितांना नकारच द्यावा लागतो आणि त्यासाठी मी दोन ओळी तरी त्या नाटकाविषयीच्या, दुसऱ्या कोणत्याही नाटकाला लागू न पडणाऱ्या, लिहिते. ओनील परिषदेने अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या आधीच्या संहिता नाकारल्या होत्या. ते पाठवत राहिले, 1982 मध्ये त्यांचे नाटक निवडले गेले आणि तिथे भेटलेल्या लॉइड रिचर्ड्स यांनी पुढे त्यांची अनेक नाटके दिग्दर्शित केली. या वर्षी आमच्याकडे आलेल्या संहितांपैकी चार अशा लेखकांच्या आहेत, ज्यांना गेल्या वर्षी मीच नकार कळवला होता. त्या चौघांची जुनी टिपणे मी काढून ठेवली आहेत. नवी नाटके वाचून झाल्यावर ती पाहीन.